मागच्या सीटचं वजन

माझे भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानोदुकानी जायचं, काट्याचं झाकण उघडायचं, आतल्या स्प्रिंगा पुसायच्या, पितळी वजनं ठेवून बघायची आणि काटा खरं बोलतोय की खोटं हे दुकानदाराला त्याच्या तोंडावर सांगायचं, हा त्यांचा चौतीस वर्षांचा धंदा. बाजारात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'काटेवाले' म्हणतात. हातात लिंबू दिलं तर ते किती ग्रॅमचं आहे हे डोळे मिटून सांगतात. चुकले तर दोन ग्रॅमने चुकतात, आणि त्या दोन ग्रॅमचं दुःख त्यांना जेवणापर्यंत पुरतं. तर असे हे गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या बायकोला पेट्रोल पंपावर विसरून घरी आले, आणि तेरा किलोमीटर त्यांना पत्ता लागला नाही.

ती बायको म्हणजे माझी सख्खी ताई. म्हणून मी या भानगडीत आलो. नाहीतर मोटारसायकल या वस्तूत मला काडीचा रस नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वजन ब्याण्णव किलो आहे, दोन्ही एका जागी बसून वाढवलेली. राहायला मी ताईच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. त्यामुळे त्यांच्या घरातलं काहीही मला चुकवता येत नाही.

ताई छापखान्यात प्रुफं तपासते. बसची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, असलं सगळं तिच्या डोळ्यांखालून जातं. सहा वाजता छापखाना सुटतो, पण ताईचं काम सुटत नाही. भाऊजी म्हणाले, "परवा मंगळवारी," की ती म्हणते, "बुधवारी." भाऊजी म्हणाले, "तो उंच माणूस आला होता," की ती म्हणते, "बुटका." बरं, तिचंच बरोबर असतं, ही त्यातली खरी अडचण.

या दुरुस्त्यांपायी भाऊजींची एक गोष्ट बावीस वर्षं अडून बसली होती. ती दोघांच्या पहिल्या भेटीची गोष्ट. भाऊजी छापखान्यातला कागद तोलायचा काटा बघायला गेले होते आणि दाराशी ताई उभी होती. "हिच्या हातात हिरवी छत्री होती," असं भाऊजी सांगायला लागतात आणि ताई म्हणते, "काळी. आणि माझी नव्हती, याची होती." हे म्हणताना ती माझ्याकडे बोट दाखवते. मग छत्रीवरून वाद होतो, चहा निवतो, पाहुणे उठतात. छत्री काळीच होती, माझीच होती, आणि मला ती अजून परत मिळालेली नाही. पण छत्रीच्या पुढे त्या दिवशी काय झालं हे इतकी वर्षं त्यांच्या तोंडून कुणीही ऐकलं नव्हतं, ताईनेही नाही.

आता पंपाची हकीकत. तेव्हा भाऊजींकडे जुनी स्कूटर होती. पेट्रोल भरायला ताई खाली उतरली आणि जरा बाजूला होऊन डोक्याचा रुमाल बांधत होती. पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण लावलं, सीट खाली आपटली, वर एक थाप मारली आणि म्हणाला, "चला." भाऊजींना वाटलं ताई बसली. ते निघाले. वाटेत त्यांनी छत्रीची गोष्ट काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती छत्रीच्या पुढे गेली, शेवटापर्यंत गेली. घरापाशी स्कूटर लावून ते म्हणाले, "उतर, आलं घर." मी तेव्हा जिन्यातच उभा होतो. माणूस रिकाम्या सीटला इतक्या प्रेमाने उतरायला सांगताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ताई दीड तासाने आली, गाद्यांच्या टेम्पोतून, ड्रायव्हरशेजारी बसून. भाऊजी तोंडात मारल्यासारखे उभे होते. "कळलंच नाही गं," ते म्हणाले. "तू मध्ये बोलली नाहीस, मला वाटलं आज तुला सगळं पटतंय."

ताई म्हणाली, "एक्कावन्न किलो. आणि तुम्ही लिंबू ओळखता."

एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती त्यांच्या मागे बसली नाही आणि घरातल्या कुठल्याही काट्यावर उभीही राहिली नाही, आणि त्या घरात काटे काय कमी असतील. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी स्कूटर विकून टाकली, जणू सगळं त्या स्कूटरनेच केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुढची नऊ वर्षं कुठे लग्न असलं, कुणाला भेटायला जायचं असलं, की ताई बसने जायची आणि भाऊजी त्याच बसच्या मागून सायकलने. ताई नेहमी शेवटच्या बाकावर बसायची. तिला बस लागते, मागे तर जास्तच लागते. तरी तिथेच बसायची, कारण मागच्या काचेतून ते दिसायचे. हे तिने मला कधी सांगितलं नाही, पण मी बरोबर असायचो आणि मला डोळे आहेत.

मग छापखान्याकडे जाणारी बस बंद झाली. ताई रोज अडीच किलोमीटर चालत जायला लागली, येताना परत अडीच. संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि भाऊजींच्या वाक्यांतल्या चुका काढायचंसुद्धा विसरायची. हे भाऊजींना सहन होईना. एका संध्याकाळी त्यांनी धीर करून म्हटलं, "मी गाडी घेतो. सोडत जाईन तुला."

"पोहोचेपर्यंत मी मागे असेन ना?" ताईने पाण्यातून पाय न काढता विचारलं.

दुसरा कुणी असता तर त्याने माफी मागितली असती, हातापाया पडला असता. भाऊजींनी मोटारसायकल घेतली. एकदम नवी, काळी, पुढे आकडे दाखवणारा पडदा असलेली. शोरूममधला पोरगेला मेकॅनिक माहिती सांगत होता. "साइड स्टँड खाली राहिला तर ही गाडी सुरूच होत नाही. तिला कळतं."

"तिला कळतं?" भाऊजींनी विचारलं.

"स्टँडला स्विच असतो. त्याची तार इंजिनाला जाते."

भाऊजी गुडघ्यावर बसून ती तार बघायला लागले आणि पंधरा मिनिटं उठले नाहीत. मी तेव्हाच घरी जायला हवं होतं. स्टँड वर आहे की खाली हे जर गाडीला कळतं, तर मागे बायको आहे की नाही हे का कळू नये, असा सरळसोट विचार त्यांच्या डोक्यात शिरला होता, आणि त्यांच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढायला अजून कुठला पान्हा निघालेला नाही.

तळमजल्याच्या पुढच्या खोलीत काटे मागे सरकवून गाडीला जागा केली. आठ दिवसांत त्यांनी कंपनीची मागची सीट काढली आणि तिथे एका जुन्या काट्याची स्प्रिंग, वर लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर स्वतः कापलेला फोम बसवला. स्टँडची तार तोडून स्प्रिंगच्या स्विचला जोडली. सीटवर वजन आलं की हँडलपाशी हिरवा दिवा लागायचा आणि घंटी वाजायची. वजन नसलं की दिवा नाही आणि इंजिनही नाही. शोरूमचा मेकॅनिक बघायला आला तेव्हा त्याने सीटखाली वाकून सगळ्या तारा बघितल्या. शेवटी म्हणाला, "काका, वॉरंटी गेली."

"जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "जायचं ते जातं. मागे राहायचं ते राहिलं पाहिजे."

काम चोख झालं होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ही गाडी आता एकट्या माणसाला चालवता येत नव्हती. ताई तर बसायला तयार नाही, म्हणजे ज्या गाडीवर ताईला बसवायचं ती गाडी ताईशिवाय जागची हलेना. सकाळी साडेआठला भाऊजी माझ्या दाराशी आले. "तुझं दुकान माझ्या वाटेवरच आहे," ते म्हणाले. माझं दुकान आमच्या दारापासून दोनशे पावलांवर आहे आणि त्यांच्या वाटेवर अजिबात नाही. तरी मी गेलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पुढचे चार महिने मी वजन म्हणून काम केलं. भाऊजींना बाजारात सोडायचं, म्हणजे त्यांनी मला घेऊन बाजारात जायचं, तिथून त्यांनी मला दुकानापर्यंत सोडायचं, आणि मी उतरलो की गाडी बंद. मग मी परत बसायचो, आम्ही परत बाजारात. तिथून मी चालत दुकानात. एकदा त्यांनी माझ्याऐवजी वाळूचं पोतं बांधून बघितलं. पण पोतं वळणावर झुकत नाही म्हणून त्यांना आवडलं नाही. मी झुकतो, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे माझं एकमेव कौतुक.

गाडी मात्र रोज नवं काही मिळवत होती. एक्स्ट्रा फिटिंगच्या दुकानातून त्यांनी जाड शॉकअप आणले, मागे धरायचा दांडा आणला, आणि आणखी दोन आरसे आणले. एवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा दुकानांत चोर दिसावा म्हणून कोपऱ्यात लावतात तसला गोल फुगीर आरसा हँडलच्या मधोमध उभा केला. त्यात मी आणखी फुगीर दिसायचो. पाय ठेवायला तराजूची दोन पितळी पारडी घासूनपुसून बसवली. पाठीला टेकू, हाताला दोन्हीकडे टेकू, त्यांवर रेक्झिन, सगळं हाताने शिवलेलं, टाके मोजून घ्यावेत असं. बायकोसाठी त्या माणसाने जे केलं त्यातला सगळा आराम मी भोगला. फोम मऊ होता, चार महिन्यांत त्यात माझ्या बसण्याचा व्यवस्थित खळगा पडला.

आणि टाकीवर तबकडी होती. जुन्या मोठ्या काट्याची, ताटाएवढी, लाल सुईची. दिवा लागला तरी खात्री असावी म्हणून. त्यामुळे प्रत्येक सिग्नलला शेजारचा माणूस वाकून बघायचा आणि म्हणायचा, "ब्याण्णव." लोकांच्या डोक्यावर छप्पर असतं, पायांत चप्पल असते, अंगावर कपडे असतात, आणि त्यांचं वजन त्यांच्यापाशी असतं. माझं चौकात असायचं.

एकदा मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने आम्हाला बाजूला घेतलं. तबकडीकडे बोट करून म्हणाला, "हे काय?"

"वजन," भाऊजी म्हणाले.

"कशाचं?"

भाऊजींनी अंगठ्याने मागे दाखवलं. "याचं. मागे कोणी आहे की नाही ते कळतं."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "मागे वळून बघितलं तर कळत नाही?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. भाऊजी म्हणाले, "चालवताना समोर बघावं असा तुमचाच नियम आहे." पोलिसाला ते पटलं असावं. त्याने मला उतरवलं आणि स्वतः बसून बघितलं. अठ्ठ्याहत्तर. "घरचा काटा चौऱ्याहत्तर दाखवतो," तो नाराज होऊन म्हणाला. "घरचा काटा आणून द्या," भाऊजी म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो गणवेशातच काखेत काटा घेऊन दाराशी हजर झाला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एक गोष्ट घडत होती ती आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. सीटला एकेक वस्तू जोडली जात होती तशी सीट स्वतःच जड होत होती. खड्ड्यात आपटली की स्प्रिंग दाबली जायची आणि रिकाम्या सीटवर दिवा लागायचा. भाऊजींच्या दृष्टीने जगात याच्याएवढं भयंकर काही नव्हतं. म्हणून नवा टेकू बसला की ते स्प्रिंगचा एक आटा घट्ट करायचे. मग इंजिन बंद ठेवून आमच्या गल्लीच्या उतारावरून रिकामी गाडी सोडायचे आणि रस्ता सोडून दिव्याकडे बघत खाली जायचे. दिवा लागला की आणखी एक आटा. मग मला बसवायचे. मी बसलो की दिवा लागायचा, घंटी वाजायची, ते खूश, मीही खूश. असे किती आटे झाले ते त्यांनीही मोजले नाहीत.

ताई हे सगळं खिडकीतून बघत होती. एकदा फक्त म्हणाली, "ती तबकडी माझं वजन गावभर दाखवणार असेल तर मी या जन्मी बसणार नाही." भाऊजींनी त्याच दुपारी तबकडी उतरवली. दिवा तेवढा राहिला.

मग त्यांनी नळी बसवली. बागेला पाणी घालायची साधी हिरवी नळी, तिच्या दोन्ही टोकांना तेल ओतायची नरसाळी. एक टोक मागे बसणाऱ्याच्या तोंडापाशी, दुसरं भाऊजींच्या कानापाशी. ताई खाली आली. नळीला हात लावून म्हणाली, "ही कशाला?"

भाऊजी पान्हा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "वाऱ्यात ऐकू येत नाही. तू काय दुरुस्त करतेस ते मला ऐकू यायला."

ताईने ते नरसाळं हातात फिरवून बघितलं. मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चढून म्हणाली, "रविवारी. त्याच पंपावर जायचं. एकदाच बसेन मी. जमलं तर जमलं." त्या दिवशी भाऊजी जेवताना तीनदा चुकीचा वार बोलले आणि तीनदा दुरुस्त झाले. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. मी वर निघून गेलो.

रविवारी ताई तयार होऊन खाली आली. नवी पर्स, डोक्याला रुमाल, तोच बहुतेक. भाऊजींनी पारडी परत एकदा पुसली. ती बसली. माझ्या खळग्यात ती दिसेनाशीच झाली, टेकू तिच्या पाठीपासून वीतभर लांब राहिला. भाऊजींनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दिवा नाही, घंटी नाही, इंजिन नाही. त्यांनी परत दाबलं. ताई जरा उठून परत दाबून बसली. काही नाही. भाऊजींचा हात बटणावरच राहिला आणि मला दिसलं की त्यांना समजलं. आटे. सगळे आटे माझ्या ब्याण्णव किलोंवर तपासून आवळले होते.

ताई शांतपणे म्हणाली, "म्हणजे यंत्राच्या मते मी नाहीच."

भाऊजी म्हणाले, "सीट सोडवावी लागेल. बारा बोल्ट आहेत. दोन तास दे."

"मी आज तयार झाले आहे," ताई म्हणाली. "परत होणार नाही."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू बस मागे. बघू दे तरी मला, एवढं काय केलंय ते."

आणि आम्ही तिघं निघालो. पुढे भाऊजी, मधे ताई, मागे त्या आरामशीर सीटच्या उरलेल्या कडेवर मी. दिवा हिरवागार, घंटी वाजली ती थांबेना. रविवार म्हणून चौकात पोलीस नव्हता, असता तरी आमचाच होता. तेरा किलोमीटर भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. चुकीचं बोलायला नको म्हणून असेल, किंवा बरोबरही बोलायला भीती वाटत असेल. आरशांमध्ये मला त्यांचे डोळे दिसत होते. ते रस्त्याकडे कमी आणि दिव्याकडे जास्त होते.

पंपावर सगळे उतरलो. माणूस दुसरा होता, पण थाप तीच. पेट्रोल भरून झाल्यावर मला चढायला वेळ लागतो, गुडघा धरून चढावं लागतं, म्हणून मी आधी बसलो. दिवा लागला. घंटी वाजली. ताई जरा बाजूला रुमाल बांधत होती. भाऊजींनी पुढे बसून दिव्याकडे बघितलं, मान डोलावली आणि गाडी सोडली.

मी तोंड उघडलं. मागे बघितलं. ताई पंपाच्या खांबापाशी उभी होती, रुमालाची गाठ तशीच हातात. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून. बोलू नकोस म्हणून.

आता माझी काय अवस्था झाली ते मला नीट सांगता येणार नाही. ओरडलो तर ताईची परीक्षा मोडतो. गप्प राहिलो तर हा माणूस परत तेरा किलोमीटर जाणार, आणि मग या जन्मी पुन्हा मागे वळून कुणी कुणाकडे बघणार नाही. आणि त्याला फसवणारं वजन म्हणजे मी. दोन्ही हातांनी टेकू घट्ट धरून मी बसलो. टायरचं दुकान गेलं. एक लांब भिंत सुरू झाली.

एवढा वेळ गप्प बसलेल्या भाऊजींना पंप सुटल्यावर हायसं वाटलं असावं. ते बोलायला लागले. "त्या दिवशी छापखान्याच्या दाराशी," ते म्हणाले, "तू उभी होतीस. हातात हिरवी छत्री."

मग ते थांबले. मान जराशी नरसाळ्याकडे कलली. नळीतून वारा येत होता, बाकी काही नाही. आमच्या दोघांच्या मधे ताईएवढी जागा होती आणि मी ती भरून काढायला हललोही नाही. दिवा लखलखीत हिरवा होता.

"हिरवी," ते परत म्हणाले, जरा मोठ्याने.

भिंत संपायच्या आत गाडी हळू झाली. मग कडेला लागली. त्यांनी दिव्याकडे बघितलं नाही, आरशातही नाही. स्टँड लावला, खाली उतरले आणि मला म्हणाले, "उतरू नकोस, इंजिन बंद पडेल." मग रस्त्याच्या कडेने पंपाकडे चालायला लागले, आधी चालत, मग जवळजवळ पळत. साठीला आलेला माणूस.

मी उतरलो नाही. तिरक्या गाडीवर, चालू इंजिनावर, पाच आरशांत मी त्यांना बघत होतो. गोल आरशात दोघंही बोटाएवढी दिसत होती. ताईही इकडेच चालत येत होती. भिंतीच्या मध्यावर ती समोरासमोर आली. रविवारचा रस्ता रिकामा होता, मला सगळं ऐकू आलं.

"शंभर पावलांत कळलं," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"एकशे चाळीस," ताई म्हणाली. "तुम्ही थांबलात तिथपर्यंत मी अंदाज घेतला."

"काळी होती. छत्री."

रुमालाची गाठ ताईने तेव्हा कुठे मारली. मग म्हणाली, "पुढे?"

बावीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पुढचं मला ऐकू आलं नाही. भाऊजी फार हळू बोलत होते, आणि मला जवळ जाता येईना, कारण मी उतरलो असतो तर इंजिन बंद पडलं असतं. पाऊण तास ती दोघं त्या भिंतीपाशी उभी होती. मी रडलो की नाही हे त्या गोल आरशाखेरीज कुणाला माहीत नाही.

घरी आल्यावर भाऊजींनी बारा बोल्ट सोडवले, स्प्रिंग काढली, दिवा काढला आणि ती तार दुसऱ्या तारेला सरळ जोडून टाकली. खळगा बुजवायला नवा फोम घातला. पारडी, आरसे आणि नळी ठेवली. आता ताई रोज गाडीने छापखान्यात जाते आणि मी दोनशे पावलं चालत दुकानात जातो. मला कुणी काही विचारत नाही, तेही बरंच आहे.

निघायच्या आधी भाऊजी मागे वळून बघत नाहीत. नरसाळ्यात तोंड घालून म्हणतात, "हिरवी छत्री." मागून नळीतून उत्तर येतं, "काळी." मग ते क्लच सोडतात. परवा दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. ताई मागे बसलेली, पाय पारड्यांत, पर्स मांडीवर, तोंड बंद. भाऊजींनी दोनदा "हिरवी छत्री" म्हटलं आणि इंजिन चालू ठेवून वाट बघत बसले. मागे बसलेल्या तिचं वजन त्यांना गाडीत जाणवत असणार. पण उत्तर येईपर्यंत, वीस मिनिटं, ते जागचे हलले नाहीत.